दुबेळका भूर्ज

आउलिस पेन्नानेनच्या घरी फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी एक निळी डबी असे. डबीत लाकडाचा भुसा आणि भुशात पांढऱ्या अळ्या. त्याची बायको हिल्का हिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या डबीवर पहिल्यांदा आक्षेप घेतला आणि चौदाव्या वर्षी शेवटचा. त्यानंतर तिनं लोणी झाकून ठेवायला सुरुवात केली.

आमच्या कोर्तेला गावात मासे सगळेच धरतात. सुओवा तळं घराघराच्या पायरीपर्यंत आलेलं आहे, न धरून सांगता कोणाला. पण आउलिस नुसता मासे धरणारा नव्हता. तो मासेमारी जाणणारा होता. या दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक संध्याकाळी त्याच्या टोपलीत दिसत असे.

डेअरीची दुधाची गाडी चालवून तो निवृत्त झाला, आणि वर्ष कसं घालवायचं हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ सुटतो. काचेच्या बांगड्यांचा ढीग कोणी हळूहळू ओढत नेतंय असा आवाज दोन दिवस येतो आणि तिसऱ्या दिवशी पाणी उघडं पडतं. त्या पाण्यात आउलिस रुपेरी रोच धरायला बसे. गार पाण्यात गांडूळ बारीक हवं, लाल हवं, जुन्या शेणखताखालचं हवं. काळ्या मातीतलं जाडं गांडूळ माशाला बघवत नाही, असं त्याचं मत. गळ लहान, शिसं गळापासून वीतभर वर. तेव्हाच तो स्प्रूसच्या फांद्यांची मोळी दगड बांधून बुडवून ठेवी, कारण पट्टेरी पर्च मासे अशा फांद्यांवर अंडी सोडायला येतात. जूनपासून ऑगस्टपर्यंत होडी. वल्ही मारायची आणि मागे दोन काठ्यांवरून दोन लाकडी मासोळ्या पाण्यातून ओढत न्यायच्या. त्या मासोळ्या तो स्वतः कोरी आणि रंगवी. आभाळ भरलेलं असेल तर तांबूस, लखलखीत ऊन असेल तर चांदीची, गडगडाट होऊन गेल्यावर काळी आणि पोटाला लाल. अशा त्याच्याकडे त्रेसष्ट होत्या. सप्टेंबरात पाणी थंडावलं, पर्चचे थवे खोल उतरले, की आमिष जड आणि हालचाल संथ. डिसेंबरापासून बर्फ. बर्फाला गिरमिटानं भोक पाडायचं, खाली उलटी बादली ठेवून बसायचं, हातभराची काठी, केसासारखं बारीक तंगूस, टोकाला पितळेची पत्ती आणि पत्तीखाली गळात एक अळी. अळी गोठलेली असेल तर मासा तोंड लावत नाही, म्हणून ती आधी आपल्या खालच्या ओठाच्या आत धरून ऊब द्यायची. ओठात तीन अळ्या धरून आउलिस तासभर उपदेश करू शकत असे.

हिल्काकडे एक बांबूची काठी होती, तिच्या आईची. घरासमोरच्या लाकडी धक्क्यावर बसून ती बुचाचा तरंगता तुकडा पाण्यात टाकी, आणि गळाला रुबार्बच्या वाफ्यातलं जे हाताला लागेल ते गांडूळ. जाडं, काळं, कसलंही. मांजरापुरते आणि राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पारीत मासे भरून भाजायला लागतील तेवढे मिळाले की उठे. बारा महिने तिला ते मिळत.

"तिला नशीब आहे," आउलिस म्हणे. "शास्त्र नाही."

आता गावातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मासे कुठे मिळाले हे कोणी कोणाला विचारत नाही. भावाला नाही, बायकोला नाही. एकदा नव्यानं आलेल्या पाद्रीबोवांनी विचारलं होतं. त्यांना उत्तर मिळालं, "पाण्यात," आणि पुढचे दोन रविवार चर्चमध्ये बाकं थोडी रिकामी होती. माणसाची जागा ही त्याची अगदी आतली गोष्ट. विचारणं हे सांगण्याइतकंच लाजिरवाणं.

आणि दुसरी गोष्ट, फिरता पाइक. मार्चच्या शेवटच्या रविवारी गावाची बर्फावरची स्पर्धा असते, सकाळी दहा ते दुपारी दोन. ज्याच्या माशांचं वजन जास्त त्याला लाकडात कोरलेला हातभर लांब पाइक मासा वर्षभर घरी न्यायला मिळतो. पोटाखाली पितळी पट्टीवर त्याचं नाव. जो तीनदा जिंकेल त्याच्या घरी तो कायमचा राहतो. वजनकाटा माझ्याकडे असतो, म्हणून मला हा हिशेब तोंडपाठ आहे: आउलिस दोनदा जिंकला होता, एक्याऐंशी साली आणि अठ्ठ्याऐंशी साली. त्याचा शेजारी कालेर्वो हाही दोनदा. आउलिसनं दिवाणखान्यात खिडकीच्या वर एक खिळा ठोकून ठेवला होता. तो सात वर्षं रिकामा होता आणि हिल्का दर नाताळात त्यावरची धूळ पुसत असे. तिसऱ्यांदा जिंकणं हे आउलिसचं शेवटचं मोठं काम उरलं होतं. त्याचे गुडघे गेले होते. फार हिवाळे आता त्याच्या वाट्याला नव्हते, हे त्याला कळत होतं.

पंच्याण्णवच्या जुलैत त्याची तांबूस मासोळी तळ्याच्या मध्याकडे कशाला तरी अडकली. तिथे पाणी आठ मीटर खोल, अडकायला काही नाही असं सगळे समजत. आउलिसनं शिसं सोडून मोजलं तर तीन मीटर. पुन्हा मोजलं. खाली एक खडक होता, दोन जेवणाची टेबलं मांडावीत एवढा, आणि कोणाच्या नकाशात नव्हता. त्यानं गांडूळ सोडलं आणि पर्च एकामागून एक वर आले, पाठीला कुबड असलेले, तळहातापेक्षा रुंद.

त्यानं खुणा धरल्या. एका बाजूला गावाची ध्वजकाठी त्याच्या स्वतःच्या होडीघराच्या टोकावर बरोबर यायची. ही एक रेघ. दुसऱ्या बाजूला कालेर्वोच्या किनाऱ्यावरचा दुबेळका भूर्ज होता, आणि त्याच्या चाळीस पावलं मागे कालेर्वोच्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं. धुराडं भूर्जाच्या दोन खोडांच्या बेचक्यात आलं की खडक होडीखाली. त्यानं हे कुठेही लिहिलं नाही. हिल्कालाही सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात तो तिथे फक्त सहा वेळा थांबला आणि दर वेळी घरी येताना वळसा घेऊन आला.

ऑक्टोबरात कालेर्वो कुंपणापाशी आला.

"आउलिस, तो भूर्ज पाडतोय. एक वादळ आलं तर सौनाच्या छपरावर येईल. दोर धरशील?"

आउलिसनं खूप वेळ झाडाकडे पाहिलं.

"पक्षी बसतात त्यावर," तो म्हणाला.

"कावळे बसतात."

"सावली देतो."

"उत्तरेला? आमच्या उत्तरेला तळंच आहे, त्याला कसली सावली?"

"जुनं झाड आहे."

"म्हणून तर पाडायचंय, बाबा. तुला कंबर दुखतेय का? तसं सांग, दुसरं कोणी बघतो."

कंबर दुखतेय असं सांगायला हरकत नव्हती. पण मग दुसऱ्या कोणी दोर धरला असता आणि झाड पडलंच असतं. ते पडू नये याचं खरं कारण सांगायचं तर जागा सांगावी लागली असती. आउलिसनं दोर हाताला गुंडाळला. कालेर्वोनं करवत चालवली आणि आउलिसनं आपली खूण स्वतःच्या हातांनी, पाय रोवून, नेमकी जिथे पाडायची तिथे पाडली. कालेर्वो म्हणाला, काय सुंदर पाडलंस, आणि अर्धी लाकडं त्याला दिली. भूर्जाचं लाकूड सौनासाठी उत्तम. त्या हिवाळ्यात दर शनिवारी आउलिस आपल्या सौनात वरच्या फळीवर बसून घाम गाळी आणि खाली त्याची खूण जळत असे.

त्याला काळजी नव्हती. बुंधा कुठे आहे हे त्याच्या डोळ्यांत होतं, असं त्याला वाटत होतं. हिवाळाभर तो त्या जागेकडे फिरकला नाही. बर्फावर पावलं उमटतात आणि पावलं बोलतात. मार्च आला तेव्हा त्या किनाऱ्यावर कमरेइतका बर्फ होता. बुंधा त्याच्याखाली. वर होतं ते फक्त धुराडं आणि सारखी दिसणारी झुडपं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन असं होतं की डोळे मिटूनही लख्ख दिसावं. एक्केचाळीस माणसं बर्फावर पसरली. त्यात या वर्षी हिल्काही होती. बायकांचा वेगळा गट बंद करून सगळ्यांचा एकच केला होता, कारण बायका दोनच येत, आणि त्यांतल्या एकीनं, सुरेख ऊन आहे तर जाऊन बसूया, असं म्हणून नाव दिलं होतं. ती हिल्का. तिनं बांबूची काठी घरी ठेवली होती आणि आउलिसची एक टाकून दिलेली हातकाठी आणली होती. कॉफीच्या डब्यात शेवाळ आणि शेवाळात, तळघरात हिवाळाभर जपलेली जाडी काळी गांडुळं.

"बर्फावर गांडूळ," आउलिस घरून निघताना म्हणाला.

"तुझ्या अळ्या मी तोंडात धरणार नाही, म्हाताऱ्या."

दहाला शिटी झाली. आउलिस सरळ जागेकडे गेला नाही. सरळ जाणाऱ्याच्या मागे लोक जातात. तो आधी उलट दिशेला गेला, तिथे दोन भोकं पाडली, पाऊण तास चेहऱ्यावर समाधान ठेवून बसला. पाचजण येऊन त्याच्याभोवती स्थिरावल्यावर तो उठला आणि मोठा वळसा घेऊन ध्वजकाठीच्या रेघेवर आला. मग त्यानं धुराड्याकडे पाहिलं, झुडपांकडे पाहिलं, आणि डोळ्यांतला बुंधा शोधू लागला. तो डोळ्यांत कुठेच नव्हता.

किनारा सहाशे पावलांवर. तिथे झाडाची जागा ठरवण्यात तीन पावलं चुकलं तर इथे पन्नास पावलं चुकतं. आउलिसनं गिरमिट लावलं. आठ मीटर. पुढे गेला. आठ मीटर. साठ सेंटिमीटर बर्फ हातानं भेदायचा आणि खाली तेच आठ मीटर. त्यानं ध्वजकाठीच्या रेघेवर बारापर्यंत एकोणीस भोकं पाडली, एका ओळीत, शिलाईच्या टाक्यांसारखी. फक्त एका जागी त्याची ओळ तुटली होती. तिथे हिल्का बसली होती, त्याच्याकडे पाठ करून, तोंड उन्हाकडे. नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या भोकापासून दहा पावलं दूर राहायचं असतं. आउलिस पंचवीस पावलं दूर राहिला. शास्त्र जाणणाऱ्या माणसानं बायकोच्या शेजारी भोक पाडलं तर लोक काय म्हणतील. मिळतायत का, असंही त्यानं विचारलं नाही. तेही आमच्यात विचारत नाहीत.

पाऊण वाजला तेव्हा त्याच्या पिशवीत करंगळीएवढे तीन पर्च होते. तो उठला आणि कालेर्वोकडे गेला. कालेर्वो बेटाच्या टोकाशी बसला होता, डोक्यावर बायकोनं विणलेली लाल टोपी. त्याच्या बाजूला बऱ्यापैकी ढीग होता.

"कालेर्वो."

"हं."

"तुझा तो भूर्ज."

"कुठला?"

"पाडलेला."

"त्याचं काय?"

आउलिसनं ओठातली अळी काढून हातमोज्याला पुसली. "नेमका कुठे होता तो?"

कालेर्वोनं काठी खाली ठेवली. मग त्यानं आउलिसची एकोणीस भोकांची ओळ पाहिली, मग स्वतःच्या धुराड्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू तेव्हा पक्ष्यांचं म्हणालास ते."

"हो."

"सावलीचं पण."

"हो."

"आणि मग दोर ओढलास."

"ओढला."

"गाढवा, एक शब्द बोलला असतास तर मी सौना हलवली असती."

"मग तुला कळलं असतं."

"आता नाही कळलं?"

"आता नाइलाज आहे," आउलिस म्हणाला.

कालेर्वोनं थर्मासातली उरलेली कॉफी प्यायली. घड्याळ पाहिलं. त्याच्या भोकात मासे चावत होते आणि तिसऱ्या वेळची गरज त्यालाही होती. पण चाळीस वर्षांच्या शेजारात आउलिसनं त्याला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि तेही असं. तो उठला, काठी तिथेच ठेवली आणि किनाऱ्याकडे चालायला लागला. त्याला पोचायला वीस मिनिटं लागली. मग तो आपल्या अंगणाखालच्या बर्फात कमरेपर्यंत शिरला, पायानं चाचपत बुंधा शोधला, त्यावर चढला आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. एवढंच नाही. दोन्ही हात त्यानं बेचक्यासारखे वर केले.

एकोणचाळीस माणसांनी आपापल्या बादलीवरून वळून हे पाहिलं. कोणी काही विचारलं नाही. पण सगळ्यांना कळलं.

आउलिस ध्वजकाठीच्या रेघेवर चालू लागला. लाल टोपी हळूहळू धुराड्याकडे सरकत होती. आणखी थोडं. आणखी. हातांच्या बेचक्यात धुराडं आलं तेव्हा तो थांबला आणि त्याचा बूट हिल्काच्या बादलीला लागला.

बादली कडेपर्यंत भरली होती. कुबडवाले, तळहातापेक्षा रुंद पर्च, आणि न मावलेले बाजूला बर्फावर.

"आलास," हिल्का म्हणाली. "मला वाटलं होतं दहालाच येशील."

"तू इथे कशी?"

"तुझ्यासाठी जागा धरली होती. दुसरं कोणी बसायला नको म्हणून. तू आलाच नाहीस. मग नुसतं बसून काय करायचं."

"पण ही जागा तुला—"

"गेल्या उन्हाळ्यात सहा वेळा तुझी होडी इथे थांबली. अंगणातून बघितलं तर कपडे वाळत घालायच्या खांबाच्या थेट रेषेत, आणि स्वयंपाकघरातून बघितलं तर खिडकीच्या मधल्या पट्टीवर. मला डोळे आहेत, म्हाताऱ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

दीड वाजून पाच मिनिटं झाली होती. पुढचं मला हिल्कानंच सांगितलं, वजन झाल्यावर, वाटाण्याचं सूप पिताना. तिनं बादली पायानं त्याच्याकडे सरकवली. म्हणाली, "ओत तुझ्या पिशवीत. मला काय करायचाय तो लाकडाचा मासा. पुसायला आणखी एक वस्तू." आउलिसनं बादलीची कडी धरली. आजूबाजूचे सगळे दूर होते आणि हिल्काच्या पाठीमुळे कोणाला काही दिसलं नसतं. फक्त किनाऱ्यावर एक माणूस दोन हात वर करून उभा होता, तोंड थेट त्यांच्याकडे, आणि तो हलत नव्हता. हलू नकोस, असं निघताना आउलिसनंच त्याला सांगितलं होतं.

आउलिसनं कडी सोडली.

तो माणूस तिथे नसता तर आउलिसनं काय केलं असतं, हे मी कधी विचारलं नाही.

मग हिल्का बादली घेऊन उठली आणि तिनं त्याला आपलं भोक दिलं. यात नियम मोडत नाही. सोडलेल्या भोकावर कोणीही बसू शकतो. आउलिसनं ओठातून ऊबदार अळी काढली, गळाला लावली आणि पत्ती सोडली. तीन मीटरवर तंगूस सैल झालं. त्यानं खडकावर टकटक केलं, कोणाच्या दारावर करावं तसं. वीस मिनिटं मासे एकामागून एक येत राहिले. एकदाही गळ रिकामा वर आला नाही. मग माझी शिटी झाली.

काट्यावर आकडे असे आले. आउलिस, एक किलो नऊशे. कालेर्वो, दोन किलो शंभर. तो तास उभा राहिला नसता तर आणखी असते, पण तरी पुरले नसते. हिल्का, सहा किलो दोनशे चाळीस, आणि तेही खाली सांडलेले न धरता. जाड्या काळ्या गांडुळांवर.

मी नाव वाचलं तेव्हा टाळ्या जरा उशिरा आल्या. कालेर्वोचे हात इतके आखडले होते की त्याला सुपाचा वाडगा धरता येईना. आउलिसनं तो धरला.

"खूप वेळ उभा राहिलास," आउलिस म्हणाला.

"झाड होणं सोपं नाही," कालेर्वो म्हणाला. "कावळा आला होता एक."

फिरता पाइक पेन्नानेनच्या घरी गेला आणि खिडकीवरच्या त्या खिळ्यावर टांगला गेला. खिळा सात वर्षं त्याचीच वाट पाहत होता. नाव मात्र पट्टीवर हिल्का पेन्नानेन असं आलं. पुढच्या रविवारी त्या खडकाभोवती चौतीस माणसं बसली होती, दहा-दहा पावलांवर, आणि शेवटच्या ओळीत पाद्रीबोवा.

मे महिन्यात बर्फ गेला. एका सकाळी आउलिस कॉफी पीत खिडकीशी उभा होता तेव्हा शेजारच्या किनाऱ्यावर कालेर्वो दिसला. त्यानं जुन्या बुंध्यावर एक लांब वासा पक्का केला होता आणि वाशाच्या टोकाला लाल रंगवलेलं पक्ष्यांचं लाकडी घरटं ठोकत होता. एवढ्या उंचावर, उघड्या वाऱ्यात कुठला पक्षी राहायला येणार. आजवर आलेला नाही. कशासाठी लावलंस, असं गावातल्या कोणी त्याला विचारलेलंही नाही.

हिल्कानं भांडी पुसता पुसता खिडकीच्या मधल्या पट्टीवरून तिकडे पाहिलं.

"हातभर डावीकडे लागलंय," ती म्हणाली.

आउलिसनं पुन्हा पाहिलं. खरंच हातभर डावीकडे होतं. हातभर म्हणजे तळ्यावर सोळा पावलं, म्हणजे आठ मीटर पाणी. त्यानं कप ठेवला, फ्रिज उघडून निळी डबी खिशात टाकली, टोपी घातली आणि कालेर्वोच्या अंगणाकडे निघाला, त्याला हे सांगायला.